एक्सेल-वर्ड शिकवताना फ्लिप्ड क्लासरूम: घरी काय द्यायचं, वर्गात काय करायचं?

कोरा_सेल

ऑफिसात काम करणाऱ्यांना एक्सेल, वर्ड आणि जुजबी पॉवरपॉइंट शिकवणं हा माझा धंदा. शिकवायची रूढ पद्धत सगळ्यांनी अनुभवली असेल. प्रोजेक्टरवर मी करून दाखवायचं, "इन्सर्टमध्ये जा, पिव्होट टेबलवर क्लिक करा, ओके म्हणा", आणि समोरच्यांनी मागोमाग तेच करायचं. होतं असं की दोघं-तिघं माझ्याही पुढे जाऊन मोबाइल चाळत बसतात, काही जण बरोबरीने चालतात, आणि उरलेल्यांपैकी कुणाची रिबनच (वरची बटणांची पट्टी) गायब झालेली असते, कुणाचं नमलॉक बंद असतं. मी एकेकाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहतो, तोवर बाकीचा वर्ग थंड. तास संपताना प्रत्येकाच्या मशीनवर एकसारखा सुरेख पिव्होट, म्हणजे मोठ्या यादीचा गटवार सारांश-तक्ता, असतो. दुसऱ्या दिवशी स्वतःची फाइल उघडली की त्यातलं काही म्हणता काही जमत नाही.

म्हणून सध्या वर्ग उलटा करून शिकवतोय. बटण कुठे आहे, फॉर्म्युल्यात काय काय भरायचं, एवढा भाग छोट्या व्हिडिओतून घरी. वर्गात नवीन काही दाखवायचं नाही, फक्त फाइल हातात द्यायची आणि कामाला लावायचं.

कल्पना जुनीच आहे. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात लेज, प्लॅट आणि ट्रेग्लिया यांनी अर्थशास्त्राचा वर्ग असाच उलटवला आणि २००० साली त्यावर लेख लिहिला. त्यांच्या विद्यार्थ्यांना घरी बघायला चक्क व्हिडिओ कॅसेटी होत्या. नाव झालं ते पुढे बर्गमन आणि सॅम्स यांचं. कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्कच्या शाळेत हे दोघे रसायनशास्त्र शिकवायचे. २००७ मध्ये त्यांनी तास रेकॉर्ड करायला घेतले ते मुळात गैरहजर राहणाऱ्या मुलांची सोय म्हणून.

पण रसायनशास्त्रात घरी बघायच्या भागात तरी खरा विषय असतो. आपल्याकडे "अमुक बटण कुठे आहे" ही माहिती एका सर्चवर मिळते, तिला वर्गही लागत नाही आणि खरं तर मीही लागत नाही. माणूस अडतो तो फाइल खराब असली की. त्यामुळे माझं मत असं झालंय की ऑफिस सॉफ्टवेअरच्या बाबतीत व्हिडिओला फार डोक्यावर बसवलं जातं. खरी मेहनत वर्गात द्यायच्या बिघडलेल्या फायलीवर करायला हवी.

इथे बरेच शिकवणारे आहेत आणि शिकणारेही. तुमचं काय म्हणणं?

बारीकसारीक

विषय चांगला काढलात. पहिलाच प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात येणार: लोक व्हिडिओ बघून येतात का? माझ्या वर्गात "बघितला का?" विचारलं की माना हलतात. पाच मिनिटांत कळतं की कुणीही बघितलेला नाही. मग मी झक मारत परत सगळं शिकवतो.

कोरा_सेल

@बारीकसारीक, परत शिकवलंत तिथेच सगळं संपलं. ज्यांनी बघितला ते पुढच्या वेळी बघणार नाहीत, कारण सर वर्गात सांगतातच.

"बघितला का" हे मी विचारतच नाही. व्हिडिओबरोबर एक इवलीशी फाइल जाते, ती भरून तासाच्या आधी पाठवायची. उदाहरणार्थ व्हीलुकअपचा (दुसऱ्या यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला) व्हिडिओ असेल तर आठ-दहा ओळींची यादी आणि एक रिकामा कॉलम. शिवाय खाली एक ओळ लिहायची: कुठे अडलात? पाठवलेल्या फायली चहा घेता घेता चाळून होतात आणि वर्गात पाऊल टाकण्याआधीच कळतं की निम्म्यांनी यादीचा पत्ता जागेवर पक्का करणारी डॉलरची चिन्हं लावलेली नाहीत, म्हणून फॉर्म्युला खाली ओढल्यावर यादीच घसरत गेलीय.

ज्याची फाइल आली नाही त्याच्यासाठी मागच्या ओळीत एक मशीन आणि हेडफोन. तिथे बसून बघायचं, करायचं, मग इतरांत यायचं. रागवारागवी नाही. मात्र बाकीच्यांना थांबवायचं नाही.

शेवटचा_बाक

म्हणजे आमच्यासारख्यांची सोय केलीत. धन्यवाद :)

जुना_कीबोर्ड

जरा उलट्या बाजूने बोलतो.

१९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि मंडळींनी नेमकं हेच तपासलं होतं: ऑफिसातली माणसं वर्ड प्रोसेसर कसा शिकतात. तेव्हा प्रत्येक मशीनबरोबर जाडजूड पुस्तिका यायच्या, पायरी-पायरीने शिकवणाऱ्या. निरीक्षण काय, तर लोक त्या वाचतच नाहीत. पहिली दोन पानं उलटतात आणि थेट पत्र टाइप करायला घेतात, कारण त्यांना वर्ड प्रोसेसर शिकायचा नसतो, पत्र पाठवायचं असतं. मग कॅरोलने पुस्तिका छाटून अगदी पातळ केली. प्रस्तावना आणि वर्णनं काढून टाकली. ठेवलं काय, तर खरी कामं आणि "इथे अडकलात तर असं बाहेर या" एवढंच. लोक कमी वेळात जास्त शिकले.

याच मंडळींनी डिस्प्लेरायटर या मशीनवर आणखी एक गंमत केली. नवशिक्यांचे पाय हमखास ज्यात अडकतात ती कामं मेनूत दिसायची, पण निवडली तर "हे सध्या उपलब्ध नाही" एवढाच संदेश. नवशिके कमी भरकटले आणि लवकर शिकले.

सांगायचा मुद्दा, तुमचा व्हिडिओ म्हणजे तीच जाड पुस्तिका, फक्त हलणारी. ती घरी दिली काय नि वर्गात दिली काय. व्हिडिओ कशाला हवा? एका पानाचं कार्ड द्या: काम काय, सुरुवात कुठून आणि अडकलात तर काय.

पडद्यामागे

जुना_कीबोर्ड यांच्याशी अर्धी सहमत. मी हेच व्हिडिओ बनवते, म्हणून थोडं त्यांच्या बाजूने.

बरेचसे व्हिडिओ वाईट असतात हे कबूल. "नमस्कार, आजच्या व्हिडिओत आपण बघणार आहोत" इथपासून ते फाइल सेव्ह कशी करायची इथपर्यंत सगळं. बघणारा सेव्ह करून थकलेला असतो, मुद्दा अजून यायचाच असतो. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा अभ्यास २०१४ मध्ये मांडला होता, जवळजवळ ६९ लाख वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदींवरून. सहा मिनिटांपुढे लोक टिकत नाहीत असा त्याचा साधारण निष्कर्ष. सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझ्या मते सहाही जास्त झाली. एक व्हिडिओ, एक कृती. "नावांची यादी दुसऱ्या शीटवरून कशी आणायची" एवढंच. "व्हीलुकअप संपूर्ण माहिती" असं शीर्षक दिसलं की समजावं, कुणी शेवटपर्यंत बघणार नाही.

काही गोष्टी मात्र कार्डावर सांगता येत नाहीत. पिव्होटमध्ये फील्ड ओढून खाली टाकताना हात कसा चालतो, सेलच्या कोपऱ्यातलं फिल हँडल कुठे पकडायचं, कर्सर कधी जाड अधिक चिन्हाचा असतो आणि कधी बारीक काळ्याचा. हे पाहिल्यावर क्षणात कळतं, लिहायला गेलं तर परिच्छेद लागतो आणि तरी कळत नाही.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी: आधी स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी करा, एक्सेलचं झूम वाढवा. तुमच्या मोठ्या मॉनिटरवर स्पष्ट दिसणारी रिबन समोरच्याच्या मोबाइलवर मुंग्यांची रांग असते. कीबोर्डवर काय दाबलं ते तोंडाने बोला, बघणाऱ्याला तुमची बोटं दिसत नाहीत. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे.

दोन_बोटी_टायपिस्ट

शिकणाऱ्याच्या बाजूने बोलू का? मोबाइलवरचा व्हिडिओ आणि लॅपटॉपवरचं एक्सेल असं दोन्ही सांभाळताना माझी फार तारांबळ होते. पॉज करायचं, मागे न्यायचं, मान खाली, मान वर. पडद्यामागे बाई म्हणाल्या तसं अक्षर दिसत नाही ते वेगळंच.

आणि एक. ज्याच्या घरी कॉम्प्युटरच नाही त्याने काय करायचं? आमच्या बॅचमध्ये असे बरेच होते. बघून येतात, पण हात लावलेला नसतो.

पडद्यामागे

@दोन_बोटी_टायपिस्ट, लॅपटॉप असेल तर दोन्ही एकाच पडद्यावर घ्या. व्हिडिओच्या खिडकीवर असताना विंडोज की आणि डावा बाण, मग एक्सेलवर जाऊन विंडोज की आणि उजवा बाण. अर्धा-अर्धा पडदा वाटला जातो.

सहावी_ब

मी शाळेत संगणक शिकवते. घरी मशीन नसणं आमच्याकडे अपवाद नाही, नियमच आहे. त्यामुळे "घर" हा शब्द मी फार मनावर घेत नाही. वर्गाचेच दोन गट करते. अर्धी मुलं एका कोपऱ्यात व्हिडिओ बघतात आणि कागदावर पुढच्या पायरीचा अंदाज लिहितात, अर्धी मशीनवर. मग अदलाबदल. तासातला माझा वेळ मशीनवाल्यांसाठी मोकळा राहतो, तेवढंच मला हवं असतं.

एका मशीनवर दोघं बसवायची वेळ आली तर माउस एकाकडे आणि सूचना दुसऱ्याकडे. ज्याच्या हातात माउस आहे त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, शेजाऱ्याने सांगितलेलंच करायचं. त्यामुळे शेजाऱ्याला "ते तिथलं ते दाब" असं चालत नाही, नीट नाव घ्यावं लागतं. दर थोड्या वेळाने अदलाबदल. हुशार पोराच्या हातातून माउस काढून घ्यायचा हा एकमेव सनदशीर मार्ग मला सापडलाय.

माझ्यासाठीही एक नियम आहे: मुलाच्या माउसला हात लावायचा नाही. वाटतं तितकं सोपं नाही हे. बोट शिवशिवतं.

कोरा_सेल

माउसला हात न लावण्याबद्दल +१००. शिक्षकाने "थांबा, मी करतो" म्हणत दोन क्लिक केल्या की समोरचा सुटतो आणि शिकायचा थांबतो.

जुना_कीबोर्ड, तुमचा मुद्दा पटतोय. पण आमचा हा पातळ व्हिडिओ आणि कॅरोलची पातळ पुस्तिका यांत भांडण दिसत नाही मला. तुम्ही म्हणताय तसं "अडकलात तर असं बाहेर या" हे मात्र आमच्या व्हिडिओत कधीच नसतं. व्हिडिओतला माणूस कधी चुकतच नाही.

बिघडलेली फाइल म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो, नाहीतर हवेतच बोलणं चाललंय.

एकाच महिन्याची, एप्रिलची, विक्रीची यादी. तारखा दिवस/महिना/वर्ष अशा, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) फाइलमध्ये. मशीनची सेटिंग मात्र महिना आधी, दिवस नंतर. फाइल डबलक्लिक करून उघडली की काय होतं? ०१/०४ ला एक्सेल चार जानेवारी समजतं, ०२/०४ ला चार फेब्रुवारी, असं करत १२/०४ पर्यंत. १३/०४ आली की तेरावा महिनाच नसतो, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून पडून राहते. कॉलमकडे नीट बघितलं तर पहिल्या बारा तारखा उजवीकडे चिकटलेल्या, तेराव्यापासून पुढच्या डावीकडे. त्या बारांतली ०४/०४ तेवढी नशिबाने बरोबर.

आता मी सांगतो, महिन्यानुसार पिव्होट करा. एक्सेल गट पाडू देत नाही, कारण कॉलममध्ये मजकूर मिसळलाय. वर्गात कुजबुज सुरू होते. कुणीतरी डावीकडच्या तारखा हेरतं, फिल्टर लावून तेवढ्या दुरुस्त करतं. सगळा कॉलम उजवीकडे सरकतो, पिव्होट होतो, हायसं वाटतं. मग मी एवढंच विचारतो, "फाइल फक्त एप्रिलची आहे ना? मग हा नोव्हेंबर कुठून आला?"

इथून पुढची वीस मिनिटं म्हणजे खरा तास. जे डावीकडे होतं ते निदान दिसत तरी होतं, जे उजवीकडे होतं तेच चुकीचं होतं. मग तारीख म्हणजे आतून एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० पासून मोजलेला, हे सांगितलं की लोक कान देऊन ऐकतात. आधी व्हिडिओत सांगितलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. दुरुस्तीचा योग्य मार्ग म्हणजे मूळ फाइल परत आणायची आणि आणतानाच हा कॉलम दिवस-महिना-वर्ष आहे असं सांगायचं. हेही त्यांच्यापैकीच कुणीतरी सुचवतं.

स्वल्पविराम

"हा नोव्हेंबर कुठून आला" खतरनाक आहे. आमच्या रिपोर्टात असा एक नोव्हेंबर होता आणि त्यावर मीटिंग झाली होती :(

वाचनखूण साठवली.

जुना_कीबोर्ड

आता तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. तुमच्या उदाहरणात व्हिडिओचा उपयोग कुठे झाला? आधी अडकले, मग सांगितलं, म्हणून डोक्यात बसलं. याला मनू कपूर यांनी २००८ च्या लेखात "प्रॉडक्टिव्ह फेल्युअर" म्हटलंय. सिंगापूरच्या शाळांत त्यांनी यावर बरंच काम केलं: मुलांना न शिकवलेला प्रश्न आधी द्यायचा, झटापट करू द्यायची, उत्तर बहुधा येत नाही, आणि मग शिकवायचं. आधी शिकवून मग गणितं दिलेल्या मुलांपेक्षा यांची समज जास्त पक्की निघाली.

म्हणजे फ्लिप्डलाही पुन्हा फ्लिप करा. आधी वर्गात फाइल, मग घरी व्हिडिओ.

कंट्रोल_झेड

जुना_कीबोर्ड, शाळेतल्या गणितात ठीक आहे. पण ज्याला सेल आणि शीट यांतला फरक माहीत नाही त्याला आधी अडकवलंत तर तो झटापट करणार नाही, तो घरी जाईल. आणि पुढच्या तासाला येणार नाही. मोठ्या माणसांना, विशेषतः पदाने मोठ्या, हाताखालच्या लोकांसमोर अडकायला आवडत नाही. आमच्या एका बॅचमध्ये साहेब आणि त्यांचा क्लार्क एकाच वर्गात होते. क्लार्कला सगळं येत होतं. साहेबांना तिसऱ्या तासापासून "महत्त्वाची मीटिंग" लागायला लागली.

त्यांच्यासारख्यांना व्हिडिओ हा मोठा आधार असतो. घरी, एकट्याने, कुणी बघत नसताना तीनदा बघता येतो. हा फायदा या धाग्यात कुणीच मांडला नाही.

कोरा_सेल

@कंट्रोल_झेड, मुद्दा एकदम मान्य. माझी विभागणी सध्या अशी होत चाललीय: अगदी नवख्यांसाठी व्हिडिओ आधी, आणि तोही सगळा करून दाखवलेला. थोडं येणाऱ्यांसाठी फाइल आधी, व्हिडिओ नंतर. ज्यांना येतं त्यांना पायरी-पायरीने दाखवलं तर ते कंटाळतातच, शिवाय आपल्या डोक्यातली पद्धत आणि व्हिडिओतली पद्धत यांत गोंधळतात.

अनुक्रमणिका

सगळे एक्सेलवरच घसरलेत. वर्डवाल्यांचं कोण?

वर्ड सगळ्यांना "येतं", हीच वर्डची अडचण. व्हिडिओ कुणी बघत नाही कारण त्यात काय बघायचं? म्हणून मी घरी व्हिडिओ देतच नाही. चाळीसेक पानांचा एक दस्तऐवज देते, सगळी शीर्षकं हाताने ठळक केलेली, अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली, मध्ये टिंबांच्या ओळी. काम एकच: सगळ्या प्रकरणांच्या शीर्षकांचा रंग निळा करा आणि किती वेळ लागला ते लिहून आणा.

वर्गात आल्यावर मधेच एक नवीन प्रकरण घुसवायला सांगते. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे सगळे कोलमडतात. तेव्हा कुठे स्टाइल्सकडे, म्हणजे शीर्षकांना नाव देऊन लावायच्या तयार साच्यांकडे, लक्ष जातं. हेडिंग १ लावलं, नेव्हिगेशन पेन उघडलं आणि डावीकडे प्रकरणांची यादी आपोआप उभी राहिली, की वर्गात जो "अरेच्चा" येतो तो मी पुढच्या बॅचपर्यंत पुरवते.

दुसरी फाइल सेक्शन ब्रेकची, म्हणजे दस्तऐवजाचे वेगवेगळ्या मांडणीचे भाग पाडणाऱ्या खुणेची. मधलं एक पान आडवं, त्यात मोठं टेबल. सांगायचं, टेबलानंतरचा तो ब्रेक नको आहे, काढा. काढला की टेबलाचं पान उभं होतं आणि टेबल पानाबाहेर लोंबतं. कारण पानाची मांडणी त्या सेक्शनच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. ब्रेक गेला की आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनचे कपडे घालतो. हे नुसतं सांगून पटत नाही, स्वतः काढून बघावं लागतं. आणि त्याआधी होम टॅबवरचं, लपलेल्या खुणा दाखवणारं, ते पॅराग्राफचं चिन्ह चालू करायची सवय. ते बंद ठेवून वर्ड शिकवूच नये, असं माझं ठाम मत.

शेवटचा_बाक

"पुढच्या सेक्शनचे कपडे घालतो" :)) माझा प्रबंध असाच आडवा झाला होता.

हजेरीपट

मी प्रशिक्षण विभागात आहे. थोडं कटू बोलते.

"घरी बघा" म्हणजे कुणाच्या वेळात? शाळेतल्या मुलाचा गृहपाठ वेगळा आणि दिवसभर काम करून गेलेल्या कर्मचाऱ्याचा वेगळा. एका ठिकाणी वर्गाचे तास निम्मे केले, बाकीचं "ऑनलाइन स्वतःच्या सोयीने" असं जाहीर केलं, आणि कागदोपत्री प्रशिक्षण तेवढंच राहिलं. खर्च वाचला. लोकांनी दुसऱ्या टॅबमध्ये व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवले. शंभर टक्के पूर्ण. मोठा हिरवा डॅशबोर्ड. कुणाला काही येत नव्हतं.

त्यामुळे तुमची पद्धत चांगली असली तरी संस्थेच्या हातात गेली की तिचं असं होतं. तासाच्या आधीचा वेळ कामाच्या वेळेत मोजायला हवा, ही अट आधी घालून घ्या.

बारीकसारीक

@हजेरीपट, हा मुद्दा कुणीच काढत नाही. धन्यवाद.

कोरा_सेल

@हजेरीपट, खरं आहे. मी शिकवायला जातो तिथे सांगतो की तासाच्या आधीचा अर्धा तास ऑफिसातच, त्याच खोलीत, कामाच्या वेळेत हवा. काही ठिकाणी मान्य होतं. जिथे होत नाही तिथे मी सरळ जुन्या पद्धतीने शिकवतो, उगाच उलट्या वर्गाचं नाव बदनाम नको. आणि डॅशबोर्डवरचा पूर्णतेचा आकडा मी तरी बघत नाही. फाइल आली की नाही आणि त्यात काय आहे, एवढंच.

स्वल्पविराम

परीक्षा कशी घेता? आमच्याकडे बहुपर्यायी प्रश्न असतात. "पिव्होट टेबल कोणत्या टॅबमध्ये आहे?" अ, ब, क, ड.

जुना_कीबोर्ड

२००७ मध्ये रिबन आली तेव्हा असल्या प्रश्नांची उत्तरं एका रात्रीत चुकीची ठरली होती.

कोरा_सेल

परीक्षेतही फाइलच देतो आणि इंटरनेट, मदत, सगळं उघडं ठेवतो. ऑफिसात काय कुणी पुस्तक बंद करून काम करतं? फक्त काम असं असतं की कशाची गरज आहे हे आधी ओळखल्याशिवाय सर्च काय करायचं हेच कळत नाही.

माझा आवडता प्रश्न व्हीलुकअपचा. शेवटचा भाग रिकामा सोडला तर एक्सेल अंदाजे जुळणी धरतं. यादी क्रमाने लावलेली नसली तर काही ओळींना बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतं, लाल खूण नाही, काही नाही. फाइलमध्ये असा एक तयार कॉलम असतो, आणि दुसऱ्या कॉलममध्ये काही ठिकाणी एनए (सापडलं नाही) दिसतं कारण तिथले क्रमांक मजकूर म्हणून साठवलेत. विचारायचं: यातला कोणता कॉलम साहेबांना पाठवाल? बहुतेक जण पहिला म्हणतात, कारण तो स्वच्छ दिसतो.

कंट्रोल_झेड

हल्ली व्हीलुकअपऐवजी नवं एक्सलुकअप शिकवा ना सरळ. त्यात न सांगता नेमकी जुळणीच धरली जाते.

कोरा_सेल

शिकवतो, पण सगळ्यांकडे चालत नाही. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं असेल तर नाही. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये आलं तेही २४.८ पासून. वर्ग उलटवायचा तर हा डोकेदुखीचा भाग आहेच: व्हिडिओत एक आवृत्ती, घरी दुसरी, ऑफिसात तिसरी. म्हणून आधीच्या फाइलबरोबर विचारून घेतो, तुमच्याकडे काय आहे. शिवाय व्हीलुकअपनी भरलेल्या जुन्या फायली ऑफिसात पडूनच आहेत, त्या वाचता तर आल्या पाहिजेत.

सहावी_ब

कोरा_सेल, फाइल बिघडवायची किती? मी एकदम सगळं टाकून दिलं तर पोरं गोंधळून जातात.

कोरा_सेल

पहिल्या फाइलमध्ये एकच बिघाड, आणि तो डोळ्यांना दिसणारा. एका कॉलममध्ये काही आकडे मजकूर म्हणून ठेवा, बेरीज कमी येईल. योग्य बेरीज काय ती तुमच्याकडे लिहिलेली हवी, आणि ती मुलांनाही आधीच सांगा. आपलं उत्तर जुळत नाही हे त्यांना स्वतःला कळलं पाहिजे, तुम्हाला विचारायला यावं लागू नये.

नंतर न दिसणारे बिघाड. नावापुढची जास्तीची स्पेस ट्रिम या फॉर्म्युल्याने जाते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या यादीत मात्र कधीकधी वेगळीच स्पेस येते, १६० क्रमांकाची, ती ट्रिमने जात नाही, सबस्टिट्यूट या फॉर्म्युल्याने काढावी लागते. ही फाइल बरीच नंतर द्या, नाहीतर मुलं एक्सेलचा धसका घेतील.

आणि खऱ्या ऑफिसची फाइल जशीच्या तशी वापरू नका, नावं-नंबर बदलून घ्या.

अनुक्रमणिका

मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल कितव्या फाइलमध्ये?

कोरा_सेल

दुसऱ्या. मधल्या दोन-तीन ओळींत मर्ज करून ठेवा आणि सॉर्ट करायला सांगा. पुढचं भाषण एक्सेलच देतं.